महासाथीतील रात्रपाळी : तरुण परिचारिकेचा कार्यानुभव आणि परभणी जिल्हा

प्रस्तावना

परभणी–परळी लोहमार्गावरील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीबाहेरही परिचित आहे. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी वैशाखातील नृसिंह जयंती आली, तेव्हा राज्यातील मंदिरांची दारे भाविकांसाठी बंद होती. त्याच काळात पोखर्णीसारख्या गावांचा संबंध एका निराळ्याच ठिकाणाशी वाढला. ते ठिकाण म्हणजे परभणीचे जिल्हा रुग्णालय. ताप अंगावर काढायचा, गावातल्या किंवा जवळच्या दवाखान्यातून गोळ्या आणायच्या आणि दम लागू लागला की परभणी गाठायची, हा ग्रामीण रुग्णाचा नेहमीचा क्रम महासाथीतही फारसा बदलला नाही. अशा रीतीने उशिरा पोहोचलेल्या रुग्णाला डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा दिसत. उरलेले सर्व तास तो ज्या व्यक्तीच्या नजरेखाली काढी, ती व्यक्ती म्हणजे परिचारिका होय. आणि ती पुष्कळदा पदविका घेऊन वर्ष-दोन वर्षेच झालेली, कंत्राटी नेमणुकीवरील तरुण मुलगी असे.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे घोषित केले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण होत असल्यामुळे त्याच संघटनेने २०२० हे परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. या योगायोगाचा परिणाम असा झाला की परिचारिकांविषयी बोलले पुष्कळ गेले. परंतु बोलण्याचा सूर प्रामुख्याने गौरवाचा राहिला. टाळ्या, थाळ्या, दिवे आणि पुष्पवृष्टी यांतून कृतज्ञता व्यक्त झाली. काम मात्र समजले नाही. परिचारिका रात्रभर नेमके काय करते, कोणते निर्णय घेते आणि ते घेण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला असतो, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात साथ आणि शुश्रूषा यांचे नाते जुने आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि काही महिन्यांतच तो पुण्यात पोहोचला. सावित्रीबाई फुले यांनी डॉ. यशवंत यांच्यासमवेत पुण्याजवळ हडपसर परिसरात प्लेगच्या रुग्णांची सेवा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला, ही घटना सर्वपरिचित आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोग अधिनियम संमत झाला. प्लेगसाठी घाईने केलेला हा छोटासा कायदा १२३ वर्षांनी पुन्हा उपयोगात आला आणि २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकुमाद्वारे त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षेची तरतूद करावी लागली. घरमालकांनी परिचारिकांना खोली सोडण्यास सांगणे, शेजाऱ्यांनी वाट अडविणे, अशा घटना देशभर घडत होत्या, ही त्या दुरुस्तीची पार्श्वभूमी होती.

शुश्रूषा हा शिकून करावयाचा व्यवसाय आहे, ही कल्पना मराठी समाजात रुजण्यास मात्र वेळ लागला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने विधवा व गरजू स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा परक्या पुरुषाच्या देहाला स्पर्श करणारे काम म्हणून त्यास विरोध झाला. आज मराठवाड्यातील अल्पभूधारक कुटुंबे मुलीला जीएनएमला घालतात, ते तीन वर्षांत हाताला काम मिळेल या अपेक्षेने. शंभर वर्षांत विरोध मावळला. त्या कामाला ज्ञान मानण्याची तयारी मात्र त्या प्रमाणात वाढली नाही, असेच म्हणावे लागते.

वैद्यकीय महाविद्यालय नसलेला जिल्हा

परभणीचा विचार करताना एक रचनात्मक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. महासाथीच्या दोन्ही मोठ्या लाटांत परभणी जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते २०२३ मध्ये सुरू झाले. नांदेड, अंबाजोगाई आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय महाविद्यालये ही जवळची मोठी केंद्रे होती. वैद्यकीय महाविद्यालयाला संलग्न असलेल्या रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर रात्रभर कक्षांत असतात. रुग्णाचा श्वास वाढला, तर परिचारिका त्यांना हाक मारते आणि निर्णय त्यांच्यावर सोपविते. केवळ जिल्हा रुग्णालय असलेल्या ठिकाणी ही मधली फळीच नसते. रात्री मोजके वैद्यकीय अधिकारी असतात आणि त्यांच्याकडे अपघात विभागापासून प्रसूतिगृहापर्यंत सर्व काही असते. अशा ठिकाणी डॉक्टरांना बोलावणे ही देखील जपून वापरावयाची गोष्ट ठरते. कोणासाठी बोलवायचे, कोणासाठी अर्धा तास थांबायचे आणि कोणासाठी मुळीच थांबायचे नाही, हे परिचारिकेलाच ठरवावे लागते. वैद्यकशास्त्राच्या परिभाषेत ज्याला रुग्णांची वर्गवारी म्हणतात, ते काम ती नकळत करीत असते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांनुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका अपेक्षित आहे. अतिदक्षता विभागात तर प्रत्येक रुग्णामागे एक. एप्रिल २०२१ मध्ये हे प्रमाण जिल्हा पातळीवर कोठेही टिकणे शक्य नव्हते. मानक आणि वास्तव यांतील अंतर भरून काढण्याचे एकच साधन रुग्णालयांजवळ उरले होते, ते म्हणजे परिचारिकेचे चालणे. खाटांच्या ओळीतून एक फेरी संपली की दुसरी सुरू करणे, हे त्या रात्रींचे मूळ स्वरूप होते.

फेरीत काय पाहिले जाते

बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर महासाथीत घरोघर पोहोचले. सप्टेंबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा कार्यकर्त्यांनी ते गावोगाव नेले आणि ९४ किंवा ९५ हा आकडा पोखर्णीसारख्या गावांतही बोलण्यात आला. तथापि आकडा वाचणे आणि रुग्ण वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटे थंड असतील, नखाला रंग असेल, रुग्ण थरथरत असेल, तर यंत्र चुकीचा आकडा दाखविते. गडद वर्णाच्या त्वचेवर हे यंत्र प्राणवायूचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा अधिक दाखवू शकते, हे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पुन्हा अधोरेखित केले. म्हणून अनुभवी परिचारिका आकड्याबरोबर रुग्णाचा चेहरा, ओठांचा रंग, मानेचे स्नायू आणि बोलण्यातील खंड पाहते. एका दमात पूर्ण वाक्य बोलू शकणारा रुग्ण आणि दोन शब्दांनंतर थांबणारा रुग्ण यांच्या ऑक्सिमीटरवर एकच आकडा असला, तरी त्यांची अवस्था एक नसते.

कोविडमध्ये या निरीक्षणाला विशेष महत्त्व येण्याचे कारण रोगाच्या स्वरूपात होते. रक्तातील प्राणवायू बराच घटलेला असूनही रुग्ण शांत, क्वचित गप्पा मारीत बसलेला आढळे. फुप्फुसे कडक न होता त्यांतील रक्ताभिसरण बिघडत असल्यामुळे गुदमरल्याची जाणीव उशिरा होत असावी, असे स्पष्टीकरण त्यासाठी दिले गेले. शिवाय प्राणवायूची पातळी एकसारख्या वेगाने उतरत नाही. ९८ वरून ९४ पर्यंतची घसरण शरीर सावरून घेते. ९० च्या खाली मात्र तीच घसरण कड्यावरून होते. मध्यरात्री ९३ वर असलेला रुग्ण पहाटे तीन वाजता ८२ वर सापडावा आणि मधल्या वेळात त्याने एकदाही हाक मारलेली नसावी, असे घडू शके. नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला पहिल्या आठवड्यात शिकावी लागणारी गोष्ट हीच होती, की या कक्षात तक्रार न करणारा रुग्ण अधिक काळजीचा असतो. तिच्या तीन वर्षांच्या पाठ्यक्रमात शिकविलेल्या क्रमाच्या हे नेमके उलट होते.

पालथे झोपविणे हा दुसरा धडा. पोटावर झोपल्याने फुप्फुसाच्या पाठीकडील भागात हवा अधिक खेळते आणि काही वेळात आकडा सुधारतो. उपाय बिनखर्चाचा, पण करवून घेणे कठीण. वयस्क, स्थूल, घाबरलेल्या माणसाला तोंडावरचा मास्क आणि हातातील सलाईन सांभाळून पालथे करणे आणि तसेच राहण्यास तास-दोन तास राजी ठेवणे, यासाठी औषधोपचाराच्या कागदावर कोणतीही सूचना पुरत नाही. तेथे बोलणेच कामी येते. म्हातारी माणसे परिचारिकेला ‘माय’ म्हणत आणि तीही मग घरच्या मुलीसारखी रागे भरून त्यांना कुशीवर वळवी. या रागे भरण्याचा वैद्यकीय उपयोग किती होता, याची नोंद कोणत्याही केसपेपरवर सापडणार नाही.

प्राणवायूचे गणित

दुसऱ्या लाटेत परिचारिकेच्या कामात आणखी एक भर पडली. महाराष्ट्राची प्राणवायूची गरज राज्यातील उत्पादनाच्या पलीकडे गेली आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये टँकर रेल्वेने आणावे लागले. जो प्राणवायू नळातून येतो म्हणून कोणी मोजत नव्हते, तो आता लिटरांत मोजावा लागला.

हे गणित साधे आहे. मोठ्या, म्हणजे बोलीत ‘जम्बो’ म्हणतात त्या सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो. पिशवीच्या मास्कमधून मिनिटाला १५ लिटर घेणाऱ्या रुग्णाला तो पावणेआठ तास पुरतो. नाकातील नळीतून ४ लिटर घेणाऱ्यास २९ तासांहून अधिक. रुग्ण जेवताना मास्क काढून उशीवर ठेवतो, स्वच्छतागृहात जातो, तेव्हा फ्लोमीटर चालूच राहिला तर मिनिटाला १५ लिटर हवेत जातात. आकडा ९८–९९ वर गेल्यावरही प्रवाह तसाच ठेवला, तर रुग्णाला त्याचा लाभ नसतो आणि शेजारच्या खाटेवर तुटवडा येतो. ही गळती थांबविण्यासाठी नंदुरबार जिल्ह्यात केवळ प्राणवायूच्या वापरावर लक्ष ठेवणारी परिचारिका नेमण्याची पद्धत सुरू झाली. ‘ऑक्सिजन नर्स’ या नावाने ती पुढे राज्यभर स्वीकारली गेली. तिचे काम एवढेच, की प्रत्येक खाटेजवळ जाऊन आकडा पाहायचा, गरजेपुरता प्रवाह ठेवायचा आणि मोकळा चालू असलेला नळ बंद करायचा.

‘एवढेच’ हा शब्द येथे फसवा आहे. प्रवाह १० लिटरवरून ६ वर आणताना आकडा ९२ च्या वर राहील का, हा अंदाज बांधावा लागतो आणि तो चुकल्यास परिणाम तिच्या पाळीतच दिसतो. रुग्णाच्या डोळ्यांदेखत त्याचा वायू कमी करणे, हे त्याला कसे सांगायचे हाही प्रश्न असतो. प्रवाह बदलण्याचा आदेश वैद्यकीय अधिकाऱ्याने द्यावयाचा असतो, असे शिक्षण सांगते. रात्री दोन वाजता तो परिचारिकेच्या दोन बोटांत असतो. महासाथीच्या निकडीत व्यवस्थेने हा निर्णयाधिकार तिला देऊन टाकला आणि निकड संपताच तो दिला होता याचा तिला विसर पडला.

परभणीतील २७ एप्रिल २०२१ ची रात्र या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सहाच दिवसांपूर्वी, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन पुरवठा विस्कळीत झाला होता आणि किमान २२ रुग्ण दगावले होते. ती बातमी ताजी असतानाच परभणीच्या जिल्हा रुग्णालयात रात्री साडेअकराच्या सुमारास झाडाची फांदी प्राणवायूच्या वाहिनीवर पडली व गळती सुरू झाली. त्या वेळी १४ रुग्ण या पुरवठ्यावर होते. त्यांना तातडीने सिलिंडरवर घेण्यात आले, वाहिनीची दुरुस्ती झाली आणि दुर्घटना टळली.

वृत्तपत्रांत ही घटना काही ओळींत संपली. टळलेल्या दुर्घटनेला तेवढीच जागा मिळते. वरील गणित मात्र तिला लावून पाहावे. १४ रुग्ण सरासरी १० लिटर वायू घेत आहेत असे धरले, तर मिनिटाला १४० लिटर लागतात, म्हणजे एका जम्बो सिलिंडरमागे ५० मिनिटे. पण तो वायू १४ ठिकाणी पोहोचवावयाचा असतो. प्रत्येक खाटेशी सिलिंडर ढकलत न्यायचा, पान्याने झडप उघडायची, रेग्युलेटर बसवायचा, ओलावा देणारी बाटली जोडायची, नळी बदलायची आणि मग पुढची खाट. या कृतीला सरावलेल्या माणसालाही दोन-तीन मिनिटे लागतात. तीव्र कोविड असलेल्या रुग्णाचा मास्क एवढा वेळ कोरडा राहिला तर काय होते, हे वर सांगितलेल्या कड्यावरून स्पष्ट व्हावे. अशा वेळी कोणाला आधी जोडायचे याची यादी कोणी लिहून ठेवलेली नसते. ती फेऱ्या मारणाऱ्याच्या डोक्यात असते. आठव्या खाटेवरचा माणूस नळीशिवाय दहा मिनिटे काढील आणि तिसऱ्या खाटेवरचा दोनही काढणार नाही, हे संध्याकाळपासून पाहिले असेल त्यालाच ठाऊक.

पोशाखाच्या आत

संरक्षक पोशाखाविषयी बरेच लिहिले गेले आहे, त्यामुळे येथे विस्तार नको. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत तापमान चाळिशीपार असताना हवाबंद पोशाखात सहा-आठ तास काढणे, त्या काळात पाणी न पिणे, स्वच्छतागृहात न जाणे, मासिक पाळीच्या दिवसांतही यात सूट नसणे, चष्म्यावर वाफ धरल्याने सुई स्पर्शाने लावणे, हा शारीरिक भाग झाला. पोशाख चढविण्यापेक्षा उतरविणे अधिक धोक्याचे असते, कारण थकलेला हात चेहऱ्याकडे जातो. मे २०२० पर्यंत अनेक रुग्णालयांत कामाच्या पाळ्यांनंतर विलगीकरणाची सवलत होती. १५ मे २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनेनंतर संसर्गाचा मोठा धोका नसेल तर सरसकट विलगीकरणाची गरज राहिली नाही. त्यानंतर पाळी संपवून थेट घरी जाणाऱ्या मुलीने म्हाताऱ्या आजीपासून किती अंतरावर झोपायचे, हा प्रश्न तिचा तिलाच सोडवावा लागला.

या पोशाखाने आणखी एक गोष्ट केली. सर्व माणसे एकसारखी दिसू लागली, म्हणून पाठीवर व छातीवर पेनाने नाव लिहिण्याची पद्धत पडली. रुग्णाला परिचारिकेचे फक्त डोळे आणि नाव माहीत असे. बरा होऊन परतलेला माणूस तिला पुढे बाजारात ओळखू शकत नाही. शुश्रूषेतील परस्परओळखीचा एवढा अभाव यापूर्वीच्या कोणत्याही साथीत नसावा.

दाराच्या दोन्ही बाजू

ग्रामीण रुग्णालयात नातेवाईक हा व्यवस्थेचा अलिखित भाग असतो. पाणी देणे, कूस बदलणे, सलाईन संपल्याचे सांगणे, ही कामे तोच करतो. कोविड कक्षात त्याला प्रवेश नव्हता आणि त्याची सर्व कामे परिचारिका व कक्षसेवकांवर आली. त्याशिवाय बाहेर थांबलेल्यांना आतली बातमी देणे हेही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल रुग्णासमोर धरून घरच्यांशी बोलणे करून देण्याची रीत अनेक रुग्णालयांत पडली. बोलणे कधी शेवटचे ठरेल हे फोन धरणारीला दिसत असे आणि पलीकडच्यांना नसे.

मरणाच्या क्षणी तोंडात पाण्याचे थेंब घालण्याचा आपल्याकडील संस्कार नातेवाइकांचा. कोविडमध्ये ती जागा रिकामी राहिली. मृतदेह गळतीरोधक पिशवीत बंद करणे, वेष्टनावर निर्जंतुक द्राव फवारणे, ओळखचिठ्ठी लावणे, ही कार्यपद्धती लेखी होती. तिच्या आधीच्या काही मिनिटांत खाटेशेजारी उभे असलेल्याने काय करावे, याविषयी लेखी काही नव्हते. बावीस-तेविसाव्या वर्षी ज्यांनी घरातलाही मृत्यू जवळून पाहिलेला नव्हता, त्या मुलींनी एका पाळीत एकाहून अधिक वेळा हे केले आणि त्यानंतर पुढच्या खाटेची औषधे वेळेवर दिली. सकाळी ‘ओव्हर’ देताना, म्हणजे पाळीची सूत्रे पुढच्या परिचारिकेकडे सोपविताना, या मृत्यूंचा उल्लेख खाटेचा क्रमांक आणि वेळ एवढ्यातच होतो. ती कोरडी भाषा निर्दयतेची नव्हे. तिच्याशिवाय पुढची पाळी उभीच राहिली नसती.

शंभर दिवस

३ मे २०२१ रोजी केंद्र शासनाने मनुष्यबळाच्या तुटवड्यावर काही निर्णय घेतले. बी.एस्सी. नर्सिंग किंवा जीएनएम उत्तीर्ण परिचारिकांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड सेवेत घ्यावे आणि शंभर दिवस पूर्ण करणाऱ्यांना पुढील नियमित शासकीय भरतीत प्राधान्य द्यावे, असे त्यात म्हटले होते. तत्पूर्वी मार्च २०२० मध्ये सेवेत मृत्यू आल्यास ५० लाख रुपयांचे विमाकवच जाहीर झाले होते आणि ते कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू होते. संकटाच्या काळात कायम आणि कंत्राटी हा भेद शासनाने स्वतःहून पुसट केला, ही नोंद घेण्याजोगी बाब होय.

लाट ओसरताच तो भेद पुन्हा ठळक झाला. तात्पुरत्या केंद्रांतील नेमणुका संपुष्टात आल्या. ज्या खाटांसाठी त्या होत्या, त्या खाटाच उरल्या नाहीत, हे त्याचे प्रशासकीय कारण. ते खोटे नाही. पण खाटा तात्पुरत्या होत्या म्हणून त्यांच्याभोवती मिळविलेले कौशल्यही तात्पुरते मानले गेले, येथे खरी चूक आहे. वायूचा प्रवाह ठरविणे, वर्गवारी करणे, शांत रुग्णातील धोका ओळखणे, या गोष्टींचे ना प्रमाणपत्र झाले, ना पाठ्यक्रमातील प्रकरण. शंभर दिवसांची मोजणी झाली ती दिवसांची. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बेमुदत संप पुकारला, तेव्हा खाजगी संस्थेमार्फत कंत्राटी परिचारिका भरण्यास विरोध हा त्यांच्या मागण्यांतील प्रमुख मुद्दा होता. संपाचा काळ आणि परिचारिका दिनाची १२ मे ही तारीख यांत जेमतेम दोन आठवड्यांचे अंतर होते.

महासाथीच्या अभ्यासासाठी अजूनही एक साधन हाताशी आहे. प्रत्येक पाळीत परिचारिकेने भरलेले तक्ते, ज्यांत दर काही तासांचा श्वासाचा वेग, नाडी, प्राणवायूचा आकडा आणि प्रवाहाचे लिटर तिच्या हस्ताक्षरात आहेत. इतिहास, समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनी ते तक्ते एकत्र वाचले, तर रुग्णाची ओळख न उघडता त्या रात्रींतील निर्णयांचा क्रम पुन्हा मांडता येईल. शासकीय अभिलेख जतन करण्याच्या मुदती ठरलेल्या असतात आणि २०२० पासूनची वर्षे भराभर मागे पडत आहेत.